जहाज बुडाल्यानंतर : दोन महायुद्धांतील व्यापारी खलाशी आणि त्यांची घरे
(राष्ट्रीय सागरी दिनाच्या निमित्ताने मुंबई उपनगरातील श्रोत्यांसाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९१९ साली याच दिवशी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या 'लॉयल्टी' या जहाजाने मुंबई बंदरातून इंग्लंडच्या दिशेने प्रस्थान ठेवले. परकीय कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देणाऱ्या या घटनेच्या निमित्ताने वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी उद्योजकांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण केले जाते आणि ते सर्वथा उचित आहे. तथापि जहाजाच्या मालकाइतकेच जहाज चालविणाऱ्या माणसाचेही या दिवसावर ऋण आहे. त्यातही ज्याच्या हाती बंदूक नव्हती, अंगावर गणवेश नव्हता, परंतु ज्याला दोन महायुद्धांत शत्रूच्या पाणबुडीला तोंड द्यावे लागले, त्या व्यापारी खलाशाचे स्मरण अगत्याने व्हावयास हवे. पाणबुडीच्या माऱ्याने जहाज बुडाल्यावर या माणसाचे काय झाले आणि त्याच्या घरच्या माणसांचे काय झाले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

मशीद स्थानकाजवळची नामावली

मुलुंड-घाटकोपरहून धीम्या गाडीने किंवा अंधेरीहून हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारा प्रवासी अखेरच्या टप्प्यात मशीद स्थानक ओलांडतो. या स्थानकाच्या पूर्वेस, गोदीला समांतर जाणाऱ्या पी. डिमेलो मार्गावर 'इंडियन सेलर्स होम' ही खलाशांच्या निवासाची वास्तू आहे. समुद्र हीच ज्यांची समाधी, अशा नाविकांचे स्मारक या वास्तूत आहे. पहिल्या महायुद्धात प्राणास मुकलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांची नावे येथे नोंदलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या नामावलीत तत्कालीन भारतीय नौदलाचे चारशेहून अधिक, तर व्यापारी जहाजांवरील सुमारे सहा हजार नाविक आहेत. तशीच नामावली बांगलादेशातील चितगाव येथेही जतन करण्यात आली आहे.

या आकड्यांची तुलना मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. ही नामावली ज्यांचे कलेवर सापडले नाही त्यांची आहे. तिच्यात लढाऊ आरमाराच्या नावांहून व्यापारी जहाजांवरील नावे कितीतरी पटींनी अधिक आहेत. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६,६०० हिंदी व्यापारी खलाशी मरण पावले, हजारावर जखमी झाले आणि बाराशेहून अधिक शत्रूच्या कैदेत पडले, असे मानले जाते. पहिल्या महायुद्धातील मृतांची संख्या सुमारे ३,४०० इतकी सांगितली जाते. हे सर्व जण कायद्याच्या भाषेत नागरिक होते, सैनिक नव्हते. त्यांनी धान्य, कोळसा, कापूस, तेल, दारूगोळा आणि माणसे यांची ने-आण केली. ती ने-आण थांबली असती तर युद्धच थांबले असते. म्हणूनच शत्रूने त्यांना लक्ष्य केले.

गावाकडून बंदराकडे

ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर हिंदी खलाशांना 'लष्कर' असे म्हणत. या शब्दाचा आपल्या परिचयाच्या सैन्यवाचक अर्थाशी संबंध राहिला नव्हता. बोटीवरील कोणत्याही हिंदी कामगाराला तो लावला जाई. १९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे पन्नास हजारांहून अधिक खलाशी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीही त्यांची संख्या त्याच घरात होती.

मुंबई बंदरातील भरतीची वाटणी परंपरेने ठरून गेली होती. वरच्या डेकवरील कामासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या गावांतून, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांतून, तसेच गुजरात, दमण आणि दीवच्या किनाऱ्यावरून माणसे येत. भट्टीखान्यात आगवाले आणि कोळसेवाले म्हणून पंजाबकडील लोकांचा भरणा असे. स्वयंपाकघर आणि उतारूंची व्यवस्था प्रामुख्याने गोमंतकीयांकडे होती. गोव्याच्या गावागावांनी मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापले 'कूड' स्थापन केले होते. बोट मिळेपर्यंत गावचा माणूस तेथे अल्प खर्चात राही. डेकवरच्या टोळीचा प्रमुख सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, भांडाराची राखण करणारा कसाब आणि रांधणारा भंडारी, अशी ही उतरंड होती.

या उतरंडीतच खलाशाच्या दुबळेपणाचे मूळ होते. नोकरी कंपनी देत असली तरी नोकरीपर्यंत पोहोचण्याची वाट सारंग आणि दलाल यांच्या हाती होती. बोट मिळण्यासाठी लाच द्यावी लागे आणि ती देण्यासाठी कर्ज काढावे लागे. बंदरात रोजगारापेक्षा माणसे नेहमीच अधिक असत. १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या शाही कामगार आयोगाने आणि त्यानंतर दशकभरात भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते दिनकर देसाई यांनी हिंदी नाविक कामगारांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात या परिस्थितीकडे लक्ष वेधले होते. समुद्रावर निघालेला माणूस बहुधा आधीच कर्जाच्या ओझ्याखाली दबलेला असे, ही गोष्ट पुढील हकिकत समजून घेताना ध्यानात ठेवावयास हवी.

पाणतीर आणि जीवनौका

पाणबुडीचा मारा व्यापारी जहाजाच्या दृष्टीने सर्वांत भीषण ठरला, कारण त्यात पूर्वसूचनेला अवसर नव्हता. पहिल्या महायुद्धात ३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईकडे येणारी पी. अँड ओ. कंपनीची 'पर्शिया' ही उतारू बोट क्रीट बेटाच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीने पाणतीर मारून बुडविली. अवघ्या काही मिनिटांत ती तळाला गेली. बोटीवरील ५१९ जणांपैकी ३४३ जण दगावले. या बोटीवरही हिंदी आणि गोमंतकीय खलाशी होते. इतक्या अल्प अवधीत मोजक्याच जीवनौका पाण्यात उतरविता आल्या.

या अनुभवातून काफिल्याची पद्धत रूढ झाली. अनेक व्यापारी जहाजांनी एकत्र निघावयाचे आणि त्यांच्या सोबतीला युद्धनौकांनी राहावयाचे, अशी ही व्यवस्था होती. तिने एकंदर हानी कमी झाली यात शंका नाही. परंतु बुडणाऱ्या जहाजावरील माणसाच्या दृष्टीने तिची एक कठोर बाजू होती. एका जहाजाला पाणतीर लागला म्हणजे उरलेल्यांनी थांबावयाचे नाही, असा दंडक होता. थांबलेले जहाज हेच पाणबुडीचे पुढचे लक्ष्य ठरे. पाण्यात पडलेल्यांना उचलण्यासाठी काफिल्याच्या मागे खास बचावनौका ठेवण्याची सोय १९४१ पासून हळूहळू झाली आणि तीही प्रत्येक काफिल्याला लाभली नाही.

पाणतीर बहुधा जहाजाच्या मध्यभागी, यंत्रघराच्या आसपास लागे. त्यामुळे पहिला बळी आगवाले, तेलवाले आणि कोळसेवाले यांचा पडे. जे वर होते ते जीवनौकेपर्यंत पोहोचत. तेथून दुसरी परीक्षा सुरू होई. 'सिटी ऑफ बनारस' या बोटीची हकिकत या बाबतीत बोलकी आहे. हिंदुस्थानच्या मार्गासाठी बांधलेली ही बोट सप्टेंबर १९४० मध्ये इंग्लंडमधील मुलांना बाँबहल्ल्यांपासून सुरक्षित ठेवण्यासाठी कॅनडाकडे घेऊन निघाली होती. तिच्यावर सुमारे चारशे माणसे होती आणि खलाशांमध्ये हिंदी लोकांचा मोठा भरणा होता. काफिल्याची संरक्षक युद्धनौका १७ सप्टेंबरच्या पहाटे दुसऱ्या कामगिरीवर निघून गेली. त्याच रात्री दहाच्या सुमारास यू-४८ या जर्मन पाणबुडीचा पाणतीर बोटीला लागला.

समुद्र खवळलेला होता. काही जीवनौका उतरवितानाच उलटल्या. सुती कपड्यांतील खलाशी उत्तर अटलांटिकच्या थंडीत रात्रभर भिजत राहिले आणि त्यांतील अनेक जण बुडून नव्हे तर गारठून मेले. 'हरिकेन' ही विनाशिका दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचली, तेव्हा तिला १०५ जणच जिवंत मिळाले. एक जीवनौका मात्र तिच्या नजरेतून सुटली. त्या नौकेत सहा मुले आणि मोजके ब्रिटिश लोक होते, उरलेले बहुसंख्य हिंदी खलाशी होते. मोजून मापून दिलेल्या पाण्याच्या घोटावर त्यांनी आठ दिवस काढले. २५ सप्टेंबर रोजी एका विमानाला ती नौका दिसली आणि 'अँथनी' या विनाशिकेने तिच्यातील सुमारे पंचेचाळीस जणांना उचलून घेतले. या दुर्घटनेत अडीचशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत ७७ स्थलांतरित मुले होती आणि शंभराहून अधिक हिंदी खलाशी होते. मुलांच्या मृत्यूने सारे इंग्लंड हेलावले आणि मुलांना समुद्रापार पाठविण्याची ती योजना बंद पडली. खलाशांच्या मृत्यूची वार्ता मात्र त्यांच्या गावांपलीकडे फारशी गेली नाही.

मुंबईच्या समुद्रवाटेवर

हे संकट दूरच्या अटलांटिकपुरते मर्यादित राहिले नाही. जानेवारी १९४२ मध्ये सिंदिया कंपनीची 'जलराजन', 'जलतरंग' आणि 'जलपालक' ही जहाजे जपानी पाणबुड्यांना बळी पडली. त्यांतील शेवटची दोन बंगालच्या उपसागरात, महिन्याच्या अखेरीस, लागोपाठ बुडाली. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्याच कंपनीच्या 'जलबाला' या जहाजाला जर्मन पाणबुडीने अरबी समुद्रात, मलबार किनाऱ्याजवळ बुडविले. भारतीय भांडवलातून उभ्या राहिलेल्या कंपनीचे हे नुकसान होते आणि त्यावरील मनुष्यहानी भारतीय घरांची होती.

मुंबईकरांच्या अधिक जवळची घटना 'तिलावा' या बोटीची. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासा, मापुटो आणि दरबानकडे निघाली. ती एकटीच जात होती, सोबतीला काफिला नव्हता. बोटीवर ७३२ उतारू, २२२ खलाशी आणि चार तोफची असे ९५८ लोक होते. २३ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास, सेशेल्स बेटांच्या ईशान्येस, आय-२९ या जपानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला. बोट तत्काळ बुडाली नाही. त्यामुळे जीवनौकांतील काही माणसे परत बोटीवर चढू लागली. तेवढ्यात दुसरा पाणतीर लागला आणि बोट गेली. बिनतारी अधिकाऱ्याने अखेरपर्यंत आपल्या जागेवर राहून मदतीचा संदेश पाठविला. दोन दिवसांनी 'बर्मिंगहॅम' या क्रूझरने ६७४ जणांना समुद्रातून उचलले आणि आणखी चौघांना दुसऱ्या जहाजाने वाचविले. २७ नोव्हेंबर रोजी 'बर्मिंगहॅम' वाचलेल्यांना घेऊन मुंबई बंदरात परतली. २८० लोक मात्र परतले नाहीत. त्यांत २८ खलाशी होते.

योगायोग असा की, त्याच २३ नोव्हेंबर १९४२ रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये 'बेनलोमंड' हे ब्रिटिश जहाज बुडाले. त्यावरील पून लिम नावाचा चिनी खलाशी एका तराफ्यावर १३३ दिवस जिवंत राहिला. त्याचे नाव जगभर गाजले. 'तिलावा'च्या खलाशांना अशी प्रसिद्धी लाभली नाही.

'तिलावा'वर माणसांबरोबर चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी त्या पाठविण्यात आल्या होत्या. सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रतळावरून ही चांदी २०१७ साली वर काढण्यात आली. तिच्यावरील हक्काचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये त्या न्यायालयाचा निर्णय झाला. बुडालेल्या मालाची नोंद इतकी चोख होती की, पाऊणशे वर्षांनंतरही एकेक लगड मोजून घेता आली. बोटीवरील माणसांचे वारस मात्र आपापल्या घरांतील आठवणींच्या आधाराने एकमेकांना शोधत राहिले. घटनेला ऐंशी वर्षे पूर्ण झाली तेव्हा, नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्यांतील काही कुटुंबे मुंबईत स्मरणासाठी एकत्र आली.

युद्धाच्या उत्तरार्धात हिंदी महासागरात याहून भयानक प्रकार घडले. डिसेंबर १९४३ मध्ये बंगालच्या उपसागरात 'डेझी मोलर' हे जहाज बुडविल्यावर जपानी पाणबुडीने जीवनौकांना धडका दिल्या आणि त्यांतील माणसांवर गोळ्या झाडल्या. व्यापारी जहाजांवरून बचावलेल्यांची अशी हत्या हा युद्धानंतर टोकियो येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणापुढे आलेल्या आरोपांचा एक भाग होता.

कैदेतील वर्षे

पाणबुडीत जागा अपुरी असल्याने ती सहसा कैदी घेत नसे. परंतु समुद्रावर फिरणाऱ्या जर्मन आक्रमक जहाजांनी पकडलेल्या बोटींवरील खलाशी जर्मनीत नेले गेले. ब्रेमेन शहराजवळ वेस्टरटिम्के येथे 'मिलाग नॉर्ड' नावाची व्यापारी नाविकांची छावणी होती. तिच्यात हिंदी खलाशांसाठी वेगळा विभाग होता. कोकणच्या उष्ण, दमट हवेत वाढलेल्या माणसांनी उत्तर जर्मनीचे हिवाळे तेथे काढले. कैद्याचे नाव छावणीच्या यादीत आले म्हणजे तो जिवंत असल्याचे घरी कळू शके. जीवनौकेतून नाहीशा झालेल्या माणसाबद्दल मात्र 'बेपत्ता' एवढाच शब्द येई.

वेतन, भरपाई आणि घरची प्रतीक्षा

आता या प्रश्नाच्या सर्वांत महत्त्वाच्या अंगाकडे वळू. जहाज बुडाल्यावर खलाशाच्या पगाराचे काय होई?

१८९४ च्या ब्रिटिश व्यापारी नौवहन कायद्यानुसार जहाज नष्ट झाले की खलाशाची नोकरी तेथेच संपे आणि वेतनही त्याच दिवसापासून थांबे. माणूस जीवनौकेत वल्ही मारीत असला तरी हिशेबाच्या वहीत तो बेकार झालेला असे. १९२० साली जिनोआ येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने या अन्यायाची दखल घेतली आणि जहाज बुडाल्यामुळे बेकार झालेल्या नाविकाला जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या वेतनाइतकी भरपाई मिळावी असा करार मंजूर केला. ब्रिटनमधील नाविकांच्या नोकरीला १९४१ च्या एका आदेशाने काहीसे स्थैर्य लाभले.

हिंदी खलाशाची स्थिती याहून कष्टप्रद होती. युद्धाच्या आरंभी त्याचे वेतन ब्रिटिश खलाशाच्या वेतनाच्या सुमारे एकपंचमांश होते. धोका समान आणि मोबदला असमान, ही स्थिती त्याने मुकाट्याने सोसली नाही. सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमधील आणि इतर देशांतील बंदरांत हिंदी खलाशांनी वाढीव वेतन आणि युद्धभत्ता मिळाल्याखेरीज बोट हलविण्यास नकार दिला. शेकडो जणांना कारावास भोगावा लागला. आफताब अली, सुरत अली आदी संघटनांच्या नेत्यांनी त्यांचा प्रश्न लावून धरला. परिणामी वेतनात वाढ झाली आणि युद्धकाळात ती टप्प्याटप्प्याने पुढे गेली, परंतु समानता आली नाही.

मृत आणि कैदी खलाशांच्या कुटुंबांसाठी १९४१ साली हिंदी खलाशांची युद्ध निवृत्तिवेतन व कैदभत्ता योजना करण्यात आली. ब्रिटिश नाविकांसाठी असलेल्या योजनेहून ती वेगळी होती. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातही नाविकांसाठी स्वतंत्र कलम होते. सर्व माणसांसह बुडालेल्या जहाजाच्या बाबतीत वारसाने किती मुदतीत मागणी करावयाची, याचा निर्देश त्यात होता. कागदोपत्री हक्क अशा रीतीने उपलब्ध होता.

हक्क मिळण्यासाठी मात्र पुरावा लागतो. मृत्यू कोणत्या तारखेस झाला, मृत व्यक्ती हीच होती काय, वारस कोण, हे सिद्ध करावे लागते. खलाशाच्या सेवेचे दाखले पूर्वी पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवीत. त्यावरून सेवापुस्तिकेलाच खलाशांच्या बोलीत 'नळी' म्हणू लागले. ही नळी त्याच्याबरोबर बोटीवर असे आणि बोटीबरोबरच बुडे. गावी राहिलेल्या पत्नीच्या वा आईच्या हाती पाठविलेल्या मनीऑर्डरची पावती आणि एखादे पत्र याखेरीज काही नसे. इंग्रज कारकुनाने ऐकल्याप्रमाणे नाव लिहिलेले असे. एकाच नावाची दोन-तीन रूपे कागदावर आढळत. गावाचे नाव कोठे तालुक्याचे, तर कोठे नुसते 'रत्नागिरी' एवढेच असे. दापोली, खेड, मंडणगड यांसारख्या भागांतून मुंबईच्या शिपिंग मास्तरच्या कचेरीपर्यंत येणे हाच त्या काळी खर्चाचा आणि दिवसांचा प्रवास होता.

'बेपत्ता' या शब्दाने घरात जी अवस्था निर्माण होई तिचे वर्णन कोणत्याही अहवालात सापडत नाही. मृत्यूची वार्ता आली तर शोक करता येतो, विधी करता येतात, वारसाचा अर्ज करता येतो. 'बेपत्ता' माणसासाठी यांतील काहीच करता येत नाही. घर चालविणारा हात गेलेला असतो, कर्ज मात्र जागच्या जागी असते. समुद्रावर माणूस नाहीसा होण्याची खरी किंमत अशा घरांनी मोजली.

स्वातंत्र्यानंतरची पावले

या अनुभवाची दखल स्वतंत्र भारताने घेतली, ही समाधानाची गोष्ट आहे. १९४९ साली मुंबईत नौवहन महासंचालनालयाची स्थापना झाली. आज या खात्याचे मुख्यालय घाटकोपर आणि मुलुंड यांच्या दरम्यान कांजूरमार्ग येथे आहे. १९५४ मध्ये मुंबईत खलाशी रोजगार कार्यालय सुरू झाले. पाळीपाळीने नोकरी देण्याच्या पद्धतीमुळे दलाल आणि सारंग यांच्या मनमानीला आळा बसला. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने जहाज बुडाल्यास खलाशी योग्य बंदरात परत येईपर्यंत त्याचे वेतन चालू राहील, हे वेतन एक महिन्याहून कमी असणार नाही आणि सामान बुडाल्याबद्दल वेगळी भरपाई मिळेल, अशी तरतूद केली. जहाज बुडताच वेतन थांबविणारी जुनी रीत येथे मोडली गेली. १९६६ च्या कायद्याने खलाशांसाठी भविष्यनिर्वाह निधी उभा राहिला. २०१५ मध्ये भारताने नाविकांच्या कामगारहक्कांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली आणि २०२५ मध्ये संसदेने १९५८ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला.

या तरतुदी आज अनावश्यक झाल्या आहेत असे कोणी समजू नये. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात 'मर्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळले, तेव्हा त्यावर २२ भारतीय नाविक होते. भारतीय नौदलाच्या 'विशाखापट्टणम' या युद्धनौकेने आग विझविण्यास साहाय्य केले. त्याच वर्षी ६ मार्च रोजी 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावरील हल्ल्यात तीन नाविक ठार झाले. 'कोलकाता' या युद्धनौकेने उरलेल्या २१ जणांची सुटका केली, त्यांत एक भारतीय होता. अस्त्र बदलले तरी व्यापारी खलाशी आजही निःशस्त्रच आहे. एक फरक मात्र निश्चित झाला आहे. मदतीला येणारी युद्धनौका आता आपल्या देशाची असते आणि घरी राहिलेल्यांना दाद मागण्यासाठी कायदा व कार्यालय आहे.

उपनगरांतील घरांकडे एक अपेक्षा

१९५० आणि १९५७ साली मुंबई महानगराच्या सीमा विस्तारल्या. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे शहराचा भाग झाली. कोकण आणि गोव्यातून आलेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या याच उपनगरांत स्थिरावल्या. आजोबा वा पणजोबा 'बोटीवर होते आणि लढाईत गेले', एवढेच वाक्य यांतील काही घरांत शिल्लक असेल. त्या वाक्याचा मागोवा घेता येतो, ही माहिती देणे हा या व्याख्यानाचा एक हेतू आहे.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने मृत नाविकांची नामावली सर्वांसाठी खुली ठेवली असून ती संगणकावरही पाहता येते. शोध घेताना नावाची इंग्रजीतील निरनिराळी रूपे तपासावीत. वडिलांचे नाव हेच तेथे आडनावासारखे लिहिलेले असू शकते. जहाजाचे नाव ठाऊक असल्यास काम पुष्कळ सोपे होते, कारण जहाजाच्या नावावरून बुडाल्याची तारीख आणि तारखेवरून त्यावरील इतर मृतांची नावे हाती लागतात. घरातील जुनी पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, कंपनीचे दाखले, नळी, छायाचित्रे ही रद्दी नव्हे. मूळ कागद घरी सांभाळून त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. पूर्वी बोटीवर गेलेल्या वृद्धांच्या आठवणी जेथे अद्याप ऐकावयास मिळतात तेथे त्या लिहून ठेवाव्यात. शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून हे काम उपक्रम म्हणून करून घेतल्यास आपापल्या वस्तीचा इतिहासच त्यातून उभा राहील.

ज्यांच्या घरातील मुलगा वा मुलगी आज जहाजावर आहे, त्यांच्यासाठीही या इतिहासात एक व्यावहारिक बोध आहे. नोकरीच्या कराराची प्रत, सेवापुस्तिकेचा क्रमांक, जहाजाचे आणि कंपनीचे नाव तसेच वारसाची नोंद हे सर्व घरी असावयास हवे. भरती परवानाधारक संस्थेमार्फतच झाली आहे, याची खात्री निघण्यापूर्वी करून घ्यावी. ८० वर्षांपूर्वी कोकणातील कित्येक घरांना एवढ्याच माहितीअभावी हक्काच्या पैशासाठी ताटकळत राहावे लागले.

सहा हजार नावांची ती नामावली मशीद स्थानकाजवळ आहे. तिच्यातील प्रत्येक नाव कोणत्या ना कोणत्या गावचे आणि कोणत्या ना कोणत्या घरचे आहे. ती नावे आपापल्या घरांपर्यंत पोहोचविण्याचे काम शासन, संस्था आणि कुटुंबे यांनी मिळून करावयाचे आहे. उपनगरांतील नागरिकांनी त्यात आपला वाटा उचलावा, एवढी अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन संपविणे उचित होईल.